रानातली अळंबी: ओळख, उपयोग आणि धोके

पाऊलवाट (धागाकर्ती)

पाऊस लागला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) येऊ लागतात. एखाद्या अळंबीच्या छत्रीचा वरून काढलेला फोटो आणि खाली एकच प्रश्न, "ही खायची आहे का?" प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहावं म्हणून हा धागा काढते आहे. फोटो बघून "खा" असं मी कुणालाही सांगत नाही. असं का, ते पुढे येईलच.

आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे त्या जीवाचं फळ. खरा जीव जमिनीत, कुजक्या लाकडात नाहीतर पाचोळ्यात असतो. केसाहूनही बारीक तंतूंचं ते जाळं, म्हणजे कवकजाल, वर्षभर आपलं काम करत असतं. ओल आणि तापमान मनासारखं झालं की ते वर छत्री काढतं, बीजाणू सोडतं, आणि छत्री चार दिवसांत विरून जाते. जाळं मात्र तिथेच राहतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मॅल्हूर राष्ट्रीय वनात आर्मिलॅरिया वर्गातलं एकच कवक सुमारे 965 हेक्टरांवर पसरलेलं आहे आणि त्याचं वय हजारो वर्षं असावं असा अंदाज आहे.

कवकं वनस्पतीत मोडत नाहीत. त्यांच्यात हरितद्रव्य नसतं, आणि पेशीभित्ती कायटिनची असते, म्हणजे कीटकांच्या आणि खेकड्यांच्या कवचात असतं त्याच पदार्थाची. रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 मध्ये सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली तेव्हा कवकांना स्वतःची वेगळी सृष्टी दिली. स्वतःचं अन्न तयार करता येत नसल्यामुळे त्यांना ते दुसरीकडून मिळवावं लागतं. काही मेलेलं लाकूड आणि पाचोळा कुजवतात. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन पूर्णपणे मोडू शकणारे जीव फार थोडे आहेत आणि त्यांत कवकं सगळ्यात पुढे आहेत. काही जिवंत झाडांवर रोग म्हणून जगतात. आणि काही झाडांच्या मुळांशी भागीदारी करतात: कवक झाडाला पाणी आणि फॉस्फरससारखी खनिजं आणून देतं, झाड त्याला साखर देतं. या नात्याला मायकोरायझा हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी 1885 मध्ये दिलं. हे सगळं सांगायचं कारण असं, की छत्री कशावर उगवली होती, जवळ कोणतं झाड होतं, हे ओळख पटवताना छत्रीच्या रंगाइतकंच, कधी कधी त्याहूनही जास्त उपयोगी पडतं. व्यनितल्या फोटोत नेमकं हेच नसतं.

आता उपयोग. ताज्या अळंबीत साधारण नव्वद टक्के पाणी असतं, त्यामुळे "मांसाला पर्याय" वगैरे जे छापून येतं ते जरा हात राखून घ्यावं. 100 ग्रॅम ताज्या अळंबीत प्रथिनं बहुधा 2 ते 4 ग्रॅम भरतात. पण रायबोफ्लेविन, नायसिन, पोटॅशियम, तांबं, सेलेनियम हे सगळं चांगलं असतं, चरबी नगण्य आणि तंतू भरपूर. अळंबीच्या पेशींत अर्गोस्टेरॉल असतं. त्यावर अतिनील किरण पडले की ड-2 जीवनसत्त्व तयार होतं, म्हणून चिरलेली अळंबी थोडा वेळ उन्हात ठेवली तर तिच्यातलं ड वाढतं.

औषधांच्या बाबतीत मला ज्याचं खरं अप्रूप वाटतं ते एका साध्या, पांढुरक्या अळंबीचं. क्लायटोपायलस वर्गातल्या या अळंबीतून 1951 मध्ये प्ल्युरोम्युटिलिन नावाचं प्रतिजैविक मिळालं. ते बरीच वर्षं फक्त जनावरांच्या औषधांत राहिलं, आणि 2019 मध्ये त्याच कुळातलं लेफाम्युलिन माणसांच्या न्यूमोनियासाठी अमेरिकेत मान्य झालं. पाइनच्या गळून पडलेल्या शंकूंवर उगवणाऱ्या स्ट्रोबिल्युरस या एवढ्याशा अळंबीतल्या रसायनावरून पिकांवरच्या बुरशीनाशकांचा एक अख्खा गट तयार झाला. दुसऱ्या बुरशांना दूर ठेवण्यासाठी तिने बनवलेलं ते रसायन होतं. जपानमध्ये शिटाके आणि टर्कीटेल या अळंबींपासून काढलेली द्रव्यं कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून वापरली गेली आहेत. जोड म्हणून, त्या उपचारांऐवजी नव्हे. "रानटी अळंबी खाऊन अमुक रोग बरा झाला" असा मजकूर पुढे आला तर हा फरक ध्यानात ठेवा.

आणि आता ज्यासाठी धागा काढला ते. विषारी अळंबी ओळखण्याची कोणतीही सर्वसाधारण खूण नाही. एकही नाही. जी नेमकी जात आहे ती ओळखता आली तरच ती खाण्याजोगी की विषारी हे कळतं. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण किंवा तांदूळ रंग बदलणं, छत्रीचं साल सुटणं, किड्यांनी खाल्लेली असणं, भडक रंग, कडू चव या सगळ्या परीक्षा जगभर सांगितल्या जातात आणि सगळ्या निरुपयोगी आहेत. सर्वात जास्त बळी घेणारी अमानिटा फॅलॉइडीस, म्हणजे डेथ कॅप, या सगळ्या परीक्षांतून सहीसलामत सुटते. तिचा रंग फिकट हिरवट-पिवळसर असतो, कधी जवळपास पांढरा. गोगलगायी तिला खातात. आणि वाचलेल्या रुग्णांनी तिची चव चांगली होती असंच सांगितलेलं आहे.

तिच्यातलं विष म्हणजे अमाटॉक्सिन. शिजवून, वाळवून, गोठवून ते जात नाही. एका मोठ्या छत्रीत माणूस दगावण्याइतकं विष असू शकतं. ते पेशीतल्या आरएनए पॉलिमरेज-2 या एन्झाइमला चिकटतं, पेशीला नवीन प्रथिनं बनवता येत नाहीत, आणि ज्या पेशी सतत प्रथिनं बनवतात त्या आधी मरतात, म्हणजे आतड्याच्या आणि यकृताच्या. हे घडायला वेळ लागतो आणि खरा घात तिथेच होतो. खाल्ल्यावर 6 ते 12 तास, कधी त्याहून जास्त, काहीही होत नाही. मग जोरदार उलट्या-जुलाब. ते एक-दीड दिवसात थांबतात, माणसाला बरं वाटू लागतं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, क्वचित रुग्णालयातून घरीही पाठवलं जातं. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते तेव्हा हातातला बराच वेळ गेलेला असतो.

हेच विष आणखीही काही वर्गांत आहे. लाकडावर झुबक्याने येणारी तपकिरी गॅलेरिना आणि काही छोट्या लेपिओटा त्यांत येतात. त्यामुळे "मी फक्त डेथ कॅप टाळते" एवढ्यानं भागत नाही.

प्रश्न असतील तर विचारा. माहिती असलेल्यांनी भरही घाला.

---

चांदणवेल

फार उपयोगी धागा, धन्यवाद. एक शंका. साधारण किती वेळात त्रास सुरू झाला यावरून गंभीर की साधं हे ठरवता येतं का? कुठेतरी वाचलं होतं की लवकर त्रास झाला तर घाबरायचं कारण नाही.

---

सूक्ष्मदर्शी

@चांदणवेल, थोडं खरं आहे, पण त्यावर विसंबणं धोक्याचं आहे. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हिरव्या बीजाणूंची क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस खाल्ली तर एक ते तीन तासांत जबर उलट्या-जुलाब होतात. हाल होतात, पण पाण्याची तूट भरून काढली तर माणूस बहुधा वाचतो. उष्ण प्रदेशांत हिरवळीवर, बागेत येणारी ही मोठी पांढरी छत्री विषबाधेचं एक फार नेहमीचं कारण आहे. कोवळेपणी तिच्या खालच्या पात्या पांढऱ्या असतात, म्हणून लोक फसतात. बीजाणू पिकले की त्या हिरवट होतात. इनोसायबीसारख्या अळंबीत मस्करीन असतं. तिच्यामुळे अर्ध्या-एक तासात घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, नाडी मंद अशी लक्षणं दिसतात आणि त्यावर अ‍ॅट्रोपिन हा ठरलेला उतारा आहे.

पण एकाच जेवणात दोन जाती असतील तर? लवकर त्रास देणारी आणि उशिरा मारणारी एकाच टोपलीत आलेली असू शकतात. तेव्हा लवकर उलटी झाली म्हणून अमाटॉक्सिन नाही असं गृहीत धरता येत नाही. उलट दिशेने मात्र नियम पक्का ठेवा: रानातली अळंबी खाऊन सहा तासांनंतर त्रास सुरू झाला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो यकृताला धोका आहे असंच धरायचं.

याहून उशिराचाही प्रकार आहे. कॉर्टिनॅरियस वर्गातल्या काही अळंबींत ओरेलॅनिन असतं. ते मूत्रपिंडावर जातं आणि लक्षणं दिसायला तीन दिवसांपासून दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर त्या जेवणाची आठवणही पुसट झालेली असते. 1950 च्या दशकात पोलंडमध्ये शंभरावर लोकांना अशी बाधा झाली, काही दगावले, आणि सगळ्यांनी एकाच प्रकारची अळंबी खाल्ली होती हे जुळवेपर्यंत कारण कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. त्याआधी ती अळंबी निरुपद्रवी समजली जाई.

---

कडुनिंब

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक रानातली अळंबी खात आले आहेत आणि कुणाला काही झालं नाही. पुस्तकं वाचून उगाच भीती घालू नये असं मला वाटतं. जंगलात राहणाऱ्यांचं ज्ञान कमी लेखलं जातंय.

---

पाऊलवाट

@कडुनिंब, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. लहानपणापासून त्याच रानात फिरलेला माणूस दहा पावलांवरून जी छत्री ओळखतो, ती ओळखायला मला भिंग घेऊन बसावं लागतं. त्याला ती जागा, तो महिना, ते झाड, मागच्या वर्षी तिथेच आलेली छत्री, सगळं माहीत असतं. मी ज्याला जात ओळखणं म्हणते ते हेच. तो चमचा काळा पडतो का बघत बसत नाही.

अडचण येते ती माणूस जागा बदलतो तेव्हा. डेथ कॅप मूळची युरोपातली. ओकसारख्या झाडांच्या मुळांबरोबर ती ऑस्ट्रेलियात आणि उत्तर अमेरिकेत पोचली. तिथे राहायला गेलेल्या आशियाई कुटुंबांनी ती भाताच्या पेंढ्यावर येणारी, ओळखीची व्होल्व्हॅरिएला समजून खाल्ल्याच्या घटना घडल्या आहेत आणि त्यात माणसं गेली आहेत. दोन्हींच्या तळाशी पिशवीसारखं वेष्टन असतं, कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात. व्होल्व्हॅरिएलाच्या बीजाणूंचा ठसा गुलाबी येतो, डेथ कॅपचा पांढरा. त्या माणसांचं ज्ञान चुकीचं नव्हतं. ते त्यांच्या रानापुरतं बरोबर होतं.

"कुणाला काही झालं नाही" याबद्दल मात्र दोन उदाहरणं देते, कारण तो युक्तिवाद मला खरंच काळजीत टाकतो. पॅक्सिलस इन्व्होल्युटस ही अळंबी पूर्व युरोपात पुष्कळ लोक खात असत. ती वर्षानुवर्षं खाल्लेल्या माणसाच्या शरीरात एखाद्या वेळी तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या जेवणानंतर त्याच्याच तांबड्या पेशी फुटू लागतात. यूलियुस शेफर हे जर्मन कवकतज्ज्ञ 1944 मध्ये हीच अळंबी खाऊन गेले. तिला ओळखण्यात त्यांची काहीच गफलत झाली नव्हती. दुसरी ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे, फ्रान्समध्ये आवडीने खाल्ली जाणारी. लागोपाठ काही जेवणांत भरपूर खाल्ल्यावर स्नायू विरघळून काही जण दगावल्याचं 2001 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं.

---

केशरमोहर

वाचून अंगावर काटा आला. अ‍ॅपचं काय? हल्ली फोटो काढला की लगेच नाव सांगतात.

---

शेवाळ

@केशरमोहर, अ‍ॅप नाव सुचवायला बरं, खायचं की नाही ते ठरवायला अजिबात नाही. ऑस्ट्रेलियातल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या फोटोंवर काही प्रचलित अ‍ॅप तपासून बघितली होती. सगळ्यात चांगलं ठरलेलं अ‍ॅपही निम्म्याच्या आसपास वेळा बरोबर निघालं. हा निष्कर्ष 2023 मध्ये आला. त्याच वर्षी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या, यंत्राने लिहिलेल्या अळंबीच्या पुस्तकांबद्दल न्यूयॉर्क मायकोलॉजिकल सोसायटीने लोकांना सावध केलं होतं. त्यामुळे पुस्तक कुणी लिहिलंय तेही बघा.

---

केशरमोहर

मग नवशिक्याने सुरुवात करायची तरी कशी? मला खायची घाई नाही, पण ओळखायला शिकायचंय.

---

पाऊलवाट

@केशरमोहर, असा प्रश्न कुणी विचारला की फार बरं वाटतं. ओळखायला शिकण्यात खरी मजा आहे.

सुरुवात उपटण्याच्या पद्धतीपासून करा. छत्री वरून खुडू नका. सुरीने भोवतालची माती सैल करून पूर्ण देठासकट वर काढा. डेथ कॅपच्या देठाच्या तळाशी जी पिशवी असते ती बहुतेक वेळा मातीत दडलेली असते. देठ वर कापला तर सगळ्यात महत्त्वाची खूण जमिनीतच राहते. काढण्याआधी जागेवरच फोटो घ्या: वरून, बाजूने आणि आरसा धरून खालून. आजूबाजूची झाडं, छत्री मातीत होती की लाकडावर, एकटी की झुबक्याने, हे तिथेच टिपून ठेवा.

घरी आल्यावर छत्रीच्या खाली बघा. पात्या आहेत, नुसती छिद्रं आहेत की काटे? पात्या देठाला जोडलेल्या आहेत की सुट्या? देठावर कडं आहे का? उभी चिरून आतलं मांस बघा, रंग बदलतो का, चीक येतो का, वास कसा आहे. एखादा पांढरा गोळा पफबॉल (चेंडूसारखी गोल अळंबी) वाटला तर तोही उभा चिरायचाच. आत एकसारखा पांढरा लगदा असायला हवा. छत्रीची आणि पात्यांची पुसट आकृती दिसली, तर तो अमानिटाचा न उमललेला कळा असू शकतो.

मग बीजाणूंचा ठसा. देठ कापून छत्री पात्या खाली करून कागदावर ठेवा. अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा घ्या, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत. वर भांडं पालथं घाला आणि रात्रभर हलवू नका. सकाळी पांढरा, गुलाबी, गंजासारखा तपकिरी, जांभळट काळा किंवा क्लोरोफायलमचा मळकट हिरवा, असा ठसा उमटलेला असतो. नुसत्या या रंगावरून पुष्कळ वर्ग बाजूला काढता येतात. एकाच भागात वर्षभर असं करत राहिलात तर तिथल्या नेहमीच्या जाती तोंडपाठ होतील. हात लावल्याने अमाटॉक्सिनची बाधा होत नाही, तेव्हा हाताळायला बिचकू नका. नंतर हात धुवा म्हणजे झालं.

वारुळावर येणाऱ्या टर्मिटोमायसीसकडे जरूर लक्ष द्या. आशिया आणि आफ्रिकेत काही वाळव्या वारुळाच्या आत या कवकाची शेती करतात. चघळलेल्या लाकूड-पाचोळ्यावर ते वाढवतात आणि तेच खातात. वर दिसणाऱ्या छत्रीचा देठ मुळासारखा लांब होत थेट त्या शेतीपर्यंत गेलेला असतो. आफ्रिकेतल्या टर्मिटोमायसीस टायटॅनिकसची छत्री जवळपास मीटरभर रुंद होते.

---

निशिगंध

ओळखीची आणि खात्रीची जात असेल तर कच्ची चालते का? सॅलडमध्ये घालतात म्हणून विचारतेय.

---

सूक्ष्मदर्शी

@निशिगंध, रानातली कोणतीही कच्ची नको. कायटिनमुळे पचायला जड असते हा एक भाग, आणि काही उत्तम खाद्य जातींतही शिजल्यावरच निघून जाणारी विषं असतात. मोरेल ही जगातल्या सर्वात नावाजलेल्या अळंबींपैकी. 2023 मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका उपाहारगृहात ती कच्ची आणि अर्धकच्ची खाल्ल्याने 51 जण आजारी पडले आणि दोघे दगावले. मोरेलसारखी दिसणारी गायरोमिट्रा तर आणखी घातक. तिच्यातल्या द्रव्यापासून पोटात मोनोमिथिलहायड्राझिन तयार होतं, जे रॉकेटचं इंधन म्हणूनही वापरतात. उकळताना वाफेतूनही ते येतं.

आणखी दोन गोष्टी. काही कोप्रायनॉप्सिस मद्याबरोबर, किंवा खाल्ल्यानंतर दोन-तीन दिवसांत मद्य घेतलं तरी, चेहरा लाल, धडधड, उलट्या असा त्रास देतात. आणि रस्त्याच्या कडेची, कारखान्याजवळची अळंबी ओळखीची असली तरी सोडून द्या. अळंबी कॅडमियम, पारा असे जड धातू साठवून ठेवते. 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर युरोपातल्या रानातल्या अळंबींत किरणोत्सारी सीझियम पुढे कितीतरी वर्षं सापडत राहिलं.

---

चांदणवेल

आणि चुकून खाल्लीच गेली तर? घरात लहान मुलं आहेत, हिरवळीवर उगवलेलं काहीही तोंडात घालतात.

---

सूक्ष्मदर्शी

लक्षणांची वाट न बघता लगेच विषबाधा केंद्राला फोन करा किंवा रुग्णालय गाठा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. तोंडातले तुकडे काढून घ्या. तशीच दुसरी छत्री तिथे असेल तर मुळासकट काढून कागदात गुंडाळून बरोबर न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती काही तासांत लिबलिबीत होते आणि ओळखू येत नाही. शिजवलेलं खाल्लं असेल तर उरलेलं अन्न, चिरताना फेकलेले देठ, उलटी झाली असल्यास तिचा नमुना, सगळं न्या. एका ताटातून जेवलेल्या प्रत्येकाला तपासून घ्यायचं, ज्याला काहीही होत नाही त्यालाही. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता पहिली उलटी झाली हे कागदावर लिहून ठेवा. आम्हाला सगळ्यात आधी तेच विचारावं लागतं.

अमाटॉक्सिनवर हमखास उतारा अजून हातात नाही. सलाइन, सक्रिय कोळसा, मिल्क थिसल या वनस्पतीपासून काढलेलं सिलिबिनिन शिरेतून, आणि यकृत गेलंच तर प्रत्यारोपण, असा उपचार असतो. चिनी संशोधकांनी 2023 मध्ये इंडोसायनीन ग्रीन हा वैद्यकीय तपासण्यांत आधीपासून वापरला जाणारा रंग उंदरांमध्ये उपयोगी पडल्याचं दाखवलं, पण त्यांनीच म्हटलंय की तो लवकर दिला तरच. आणि उलट्या थांबून बरं वाटू लागलं तरी डॉक्टरांनी यकृताच्या तपासण्या पुन्हा केल्याशिवाय घरी जायचं नाही, हे रुग्णाच्या नातेवाइकांनी धरून ठेवावं.

---

केशरमोहर

@पाऊलवाट, काल सांगितल्याप्रमाणे ठसा घेतला. छत्री तपकिरी, लाकडावर झुबक्याने होती, देठावर पुसट कडं, ठसा गंजाच्या रंगाचा आलाय. पुढे काय बघू?

---

पाऊलवाट

गंजासारखा ठसा, लाकूड, झुबका, कडं ही सगळी वर्णनं गॅलेरिनालाही लागू पडतात. त्यामुळे ती स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. आता देठाचा जवळून फोटो टाका, कड्याच्या वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा. खालच्या भागावर बारीक खवले आहेत की नुसत्या रुपेरी रेषा, ते बघू. लाकूड कोणत्या झाडाचं होतं आणि किती कुजलेलं होतं, तेही लिहा.